हवा तापवण्याचा हिशेब

काही महिन्यांपूर्वी आमच्या दैनिकात लोखंडाच्या भट्ट्यांविषयी एक माहितीपर लेख प्रसिद्ध झाला. लेख दुसऱ्याचा होता. त्यासोबतची लहानशी चौकट मात्र माझी. भट्टीत फुंकली जाणारी हवा आधी किती तापवावी लागते आणि त्यासाठी किती उष्णता खर्च होते, हे वाचकाला एका दृष्टिक्षेपात कळावे एवढाच तिचा हेतू. मी लिहिले होते : एक किलो हवा ३० अंश सेल्सिअसवरून ११०० अंशांपर्यंत तापवण्यासाठी सुमारे १०७५ किलोज्यूल उष्णता लागते. हिशेब शालेय पुस्तकातला. हवेची विशिष्ट उष्णता १.००५, तापमानातील वाढ १०७० अंश. दोहोंचा गुणाकार १०७५. दोनदा पडताळून पाहिला. गुणाकार बरोबर होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका निवृत्त अभियंत्यांचा दूरध्वनी आला. हयात भट्टीवर गेलेले गृहस्थ. आवाजात राग नव्हता. "ताई, १.००५ हा आकडा कुठल्या तापमानाचा आहे, ते पाहिलेत का?" एवढेच त्यांनी विचारले. मी पाहिले नव्हते. आकड्याला तापमान असते, हेच मला ठाऊक नव्हते. खरे उत्तर ११८० किलोज्यूलच्या आसपास येते, म्हणजे माझ्या उत्तरापेक्षा जवळजवळ दहा टक्के अधिक, असे त्यांनी सांगितले आणि कागद-पेन्सिल घेऊन बसायला लावले. त्या बैठकीतून आणि पुढच्या काही दिवसांच्या वाचनातून जे उमगले, ते येथे मांडत आहे.

दोष काही अंशी शब्दाचाही होता, असे मला वाटते. पदवीला मराठी घेतलेल्या माणसाच्या कानाला 'विशिष्ट' म्हणजे ठरलेली, नेमून दिलेली असे ऐकू येते. लोखंडाची विशिष्ट उष्णता अमुक, पाण्याची तमुक, हवेची १.००५, जणू त्या पदार्थाच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेली. पाठ्यपुस्तकात आता 'विशिष्ट उष्माधारकता' असा शब्द येतो. तो लांबलचक असला तरी अधिक प्रामाणिक आहे, कारण त्यात धारण करण्याची क्षमता सूचित होते आणि क्षमता ही बदलू शकते. एक किलो पदार्थाचे तापमान एक अंशाने वाढवण्यासाठी लागणारी उष्णता, ही तिची व्याख्या. या व्याख्येत 'एक अंशाने' हे शब्द आहेत. कोणत्या अंशाने, हा प्रश्न मी कधी विचारला नव्हता. तिसाव्या अंशावरून एकतिसाव्यावर जाणे आणि हजाराव्यावरून एक हजार एकाव्यावर जाणे, यांची किंमत सारखीच असेल असे मी गृहीत धरले होते.

झोतभट्टीत लोहखनिज, कोक आणि चुनखडी वरून टाकतात आणि खालून हवेचा जोरदार झोत सोडतात. गोव्याच्या खनिजाने अनेक दशके जहाजांत बसून परदेशांतल्या भट्ट्या गाठल्या. आमोण्यात ती भट्टी आपल्याच दारी आहे आणि तेथे खनिजापासून कच्चे लोखंड तयार होते. अशा भट्टीत शिरणारी हवा आपण श्वासात घेतो तशी नसते. ती आधीच हजार-अकराशे अंशांपर्यंत तापवलेली असते. या तप्त झोतामागे एक रंजक इतिहास आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत लोहारकामातील जाणत्यांची ठाम समजूत होती, की हवा जितकी थंड तितकी भट्टी चांगली. अनुभवही तसाच होता : हिवाळ्यात लोखंड अधिक आणि चांगले उतरत असे. म्हणून काही ठिकाणी हवा मुद्दाम गार करण्याचे प्रयत्नही झाले. ग्लासगोच्या गॅस कारखान्यात काम करणाऱ्या जेम्स बोमाँट नीलसन याने ही समजूत उलटी केली. १८२८ मध्ये त्याने तापवलेल्या हवेच्या झोताचे एकस्व मिळवले आणि क्लाइड येथील लोखंडाच्या कारखान्यात त्याचा प्रयोग झाला. हवा दीडशे अंशांच्या आसपास तापवताच एक टन लोखंडामागे लागणारा सुमारे आठ टन कोळसा पाच टनांच्या घरात आला. हिवाळ्यातल्या लोखंडाचे श्रेय थंडीचे नव्हतेच. ते होते कोरड्या हवेचे. उन्हाळ्याच्या हवेतले बाष्प भट्टीची उष्णता खात असे. (या बाष्पाकडे शेवटी पुन्हा यावे लागणार आहे.)

नीलसनची हवा लोखंडी नळ्यांतून तापत असे, त्यामुळे नळ्या सोसतील त्यापलीकडे तापमान नेता येत नव्हते. १८५७ मध्ये एडवर्ड काउपर याने नळ्या काढून टाकल्या आणि उष्णता सोसणाऱ्या विटांनी भरलेले उंच मनोरे उभारले. भट्टीच्या तोंडातून बाहेर पडणारा वायू या मनोऱ्यात जाळून विटा लाल होईतो तापवायच्या. मग ज्वाला बंद करून त्याच विटांमधून थंड हवा उलट दिशेने सोडायची. एक मनोरा तापत असताना दुसरा आपली उष्णता हवेला देत असतो. आजही भट्टीशेजारी घुमटाकार माथ्याचे दोन-तीन मनोरे दिसतात ते हेच.

या मनोऱ्यांत किती वायू जाळावा लागेल, विटा किती लागतील, हे आधी ठरवावे लागते. आणि ते ठरते हवेला किती उष्णता द्यायची आहे यावरून. माझी चौकट नेमकी तेथे चुकली होती.

हवेच्या विशिष्ट उष्णतेचे आकडे तापमानानुसार मांडले की चूक उघड दिसते. खोलीच्या तापमानाला ती किलोमागे, अंशामागे १.००५ किलोज्यूल. ३२७ अंश सेल्सिअसला १.०५. ७२७ अंशांना १.१४. आणि ११०० अंशांच्या आसपास जवळजवळ १.२. म्हणजे शेवटचा अंश हा पहिल्या अंशापेक्षा सुमारे एकोणीस टक्के महाग पडतो. (हे सारे आकडे दाब स्थिर असतानाचे आहेत. बंद भांड्यात, घनफळ स्थिर ठेवून हवा तापवली तर आकडा लहान येतो, खोलीच्या तापमानाला ०.७१८, कारण मग हवेला प्रसरण पावून भोवतालाला ढकलण्याचे काम करावे लागत नाही. भट्टीची हवा वाहती असते, म्हणून येथे स्थिर दाबाचाच आकडा धरायचा.)

असे का होते, याचे उत्तर रेणूंच्या घरात आहे. हवेचा बहुतांश भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन या वायूंचा; दोहोंचे रेणू दोन-दोन अणूंच्या जोड्या. अशा जोडीला दिलेली उष्णता तीन प्रकारे साठते. रेणू इकडून तिकडे धावतो, तो स्वतःभोवती फिरतो आणि त्याचे दोन अणू स्प्रिंगला बांधल्यासारखे एकमेकांजवळ-दूर हेलकावतात. धावणे आणि फिरणे ही दोन खाती खोलीच्या तापमानाला पूर्ण उघडी असतात. कंपनाचे खाते मात्र जवळजवळ बंद असते, कारण कंपन हे मनाला येईल तेवढे लहान असू शकत नाही. त्याला किमान एका ठरावीक मापाची ऊर्जा लागते आणि नायट्रोजनसाठी ते माप बरेच मोठे आहे.

भातखाचरांचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. एकमेकांना जोडलेली पाच खाचरे समपातळीत आहेत आणि त्यांच्या पलीकडे, उंच बांधाआड, आणखी एक-दोन आहेत. पाणी सोडले की ते आधी या पाचांत पसरते आणि प्रत्येक घागरीगणिक पातळी ठरावीक प्रमाणात चढते. पातळी बांधाच्या माथ्याजवळ आली, की काही पाणी पलीकडे जाऊ लागते आणि तेवढ्याच घागरीत अलीकडची पातळी पूर्वीइतकी चढत नाही. पाणी म्हणजे उष्णता आणि पातळी म्हणजे तापमान, असे समजले तर विशिष्ट उष्णता का वाढते ते कळते. आणखी एक : वारा सुटलेला असला तर पातळी बांधाखाली असतानाही लाटा उसळून थोडे पाणी पलीकडे पडतेच. रेणूंमध्येही सर्वांची ऊर्जा सारखी नसते. काही सरासरीच्या पुष्कळ वर असतात. म्हणून कंपनाचे खाते एकाएकी उघडत नाही, हळूहळू उघडते आणि आकडाही पायरीने न चढता वळणाने चढतो.

हवेत जवळजवळ एक टक्का आर्गॉन असतो. त्याचा रेणू म्हणजे एकटा अणू. फिरण्यासारखे वा हेलकावण्यासारखे त्याच्यापाशी काही नाही. त्याची उष्णताधारकता ३० अंशांना जेवढी तेवढीच ११०० अंशांना. माझा गुणाकाराचा हिशेब हवेतल्या त्या एका टक्क्यापुरता निर्दोष होता!

भौतिकशास्त्राला हे उमगायला फार काळ लागला. फ्रान्समध्ये रेन्यो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वायूंच्या विशिष्ट उष्णतेची अत्यंत काटेकोर मोजमापे केली, पण ती दोनशे अंशांपर्यंतची होती. त्या टापूत हवेचा आकडा इतका कमी बदलतो, की तो स्थिरच आहे असे मानले गेले. १८८३ मध्ये मालार आणि ल शातलिए यांनी बंद भांड्यांत वायूंचे स्फोट घडवून दाब मोजले. स्फोटातील तापमान अपेक्षेपेक्षा कमी भरत होते. त्यातून अतितप्त वायू अधिक उष्णता पोटात घेतात असा निष्कर्ष निघाला. पण का, ते कोणालाच सांगता येईना. मॅक्सवेलने १८६० मध्येच आपल्या वायुसिद्धांतावरून वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर काढले होते, ते येत होते १.३३, मोजमाप सांगत होते १.४०. रेणूच्या प्रत्येक हालचालीला ऊर्जेचा सारखा वाटा मिळाला पाहिजे, असे जुने गणित म्हणे. आणि वायू तो वाटा देत नव्हते. २७ एप्रिल १९०० रोजी लॉर्ड केल्विन यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दिलेल्या प्रसिद्ध व्याख्यानात उष्णतेच्या सिद्धांतावरील ज्या दोन ढगांचा उल्लेख केला, त्यांतला दुसरा ढग हाच. १९०७ मध्ये आइन्स्टाइनने घन पदार्थांसाठी दाखवून दिले, की कंपनाची ऊर्जा ठरावीक मापांतच घेता-देता येते असे मानले तर विशिष्ट उष्णतेचे कोडे सुटते. पुढे १९१२ मध्ये ऑयकेन याने हायड्रोजन अतिशय थंड करून पाहिला, तेव्हा त्याच्या रेणूंचे फिरणेही थांबू लागल्याचे त्याला दिसले. जोडीचा रेणू एकट्या अणूसारखा वागू लागला होता. ज्या विषयाकडे मी चौकटीपुरते पाहिले, त्याने एका शतकाचे भौतिकशास्त्र हलवले होते.

आता हिशेबाकडे. भाव बदलत असेल तर एकूण किंमत कशी काढायची, हे वीजबिल भरणाऱ्या कोणालाही शिकवावे लागत नाही. पहिल्या काही युनिटांना एक दर, पुढच्यांना त्याहून अधिक, त्यापुढच्यांना आणखी अधिक. सर्व युनिटांना पहिलाच दर लावून कोणी बिल भरू म्हटले, तर वीज खाते ते स्वीकारणार नाही. मी हवेचे बिल तसे भरले होते. तापमानाचे तीन टप्पे पाडून पाहू. ३० ते ३२७ अंशांपर्यंत २९७ अंश; या टप्प्यातील सरासरी दर १.०२२, उष्णता ३०४ किलोज्यूल. ३२७ ते ७२७, हे ४०० अंश, दर १.०९८, उष्णता ४३९. ७२७ ते ११००, हे ३७३ अंश, दर १.१७२, उष्णता ४३७. बेरीज ११८० किलोज्यूल. अभियंत्यांनी दूरध्वनीवर सांगितला होता तोच आकडा.

दर अंशागणिक बदलत असल्यामुळे टप्पे तीनच का, असा प्रश्न येतो. तीस करता येतील, तीनशे करता येतील. टप्पे असंख्य आणि प्रत्येक टप्पा शून्यवत लहान झाला, की त्या बेरजेला गणितात समाकलन म्हणतात. बारावीला या शब्दाने अनेकांना घाम फोडला असेल. मी कला शाखेत गेल्यामुळे वाचले होते. पण येथे त्याचा अर्थ एवढाच : दर दाखवणारी वक्ररेषा काढायची आणि तिच्याखालचे क्षेत्रफळ मोजायचे. माझ्या गुणाकाराने एक आयत मोजला होता. वक्ररेषा त्या आयताच्या माथ्यावरून वर चढत गेली होती आणि मधली त्रिकोणासारखी जागा मी सोडून दिली होती.

अभियांत्रिकीच्या पुस्तकांत ही वक्ररेषा एका सूत्रात दिलेली असते. हवेसाठी प्रचारात असलेले एक सूत्र असे :

धारकता = २८.११ + ०.००१९६७ × त + ०.०००००४८०२ × त² − ०.००००००००१९६६ × त³

येथे 'त' म्हणजे केल्विनमधील तापमान आणि उत्तर येते ते एका किलोमोल हवेसाठी, किलोज्यूलमध्ये. एक किलोमोल हवा म्हणजे २८.९७ किलो. हे सूत्र निसर्गनियम नव्हे. मोजलेल्या बिंदूंमधून ओढलेली ती सुबक रेषा आहे आणि २७३ ते १८०० केल्विन या पट्ट्यातच ती विश्वासार्ह आहे. त्याबाहेर ती काहीही सांगू शकते.

समाकलन केले की प्रत्येक पदाचा घात एकाने वाढतो आणि त्याच अंकाने पद भागले जाते. आरंभीचे तापमान ३०३ केल्विन, अखेरचे १३७३. पहिले पद : २८.११ गुणिले १०७०, म्हणजे ३०,०७८. दुसऱ्या पदात १३७३ चा वर्ग वजा ३०३ चा वर्ग घ्यायचा, त्याला ०.००१९६७ च्या निम्म्याने गुणायचे, येतात १,७६४. तिसऱ्यात घनांची वजाबाकी आणि गुणकाचा तिसरा हिस्सा, ४,०९८. चौथ्यात चौथे घात आणि गुणकाचा चौथा हिस्सा. १,७४३, आणि हे पद उणे असल्याने वजा करायचे. एकूण ३४,१९७ किलोज्यूल. याला २८.९७ ने भागले की किलोमागे ११८०.४. टप्प्यांच्या बिलाशी हे तंतोतंत जुळते.

पहिल्याच प्रयत्नात माझे उत्तर ११२८ आले होते. आकडा दिसायला समंजस होता. १०७५ हून मोठा, ११८० च्या आसपास. मी सूत्रात केल्विनऐवजी सेल्सिअसमधील ३० आणि ११०० घातले होते. साध्या गुणाकारात याने काही बिघडत नाही, कारण तेथे केवळ फरक लागतो आणि तो दोन्ही मापनांत सारखाच. वर्ग आणि घन आले की मात्र २७३ चा तो फरक लपून राहत नाही. दुसरी एक चूक विद्यार्थी हमखास करतात, असे अभियंते म्हणाले : दोन तापमानांच्या वर्गांची वजाबाकी करण्याऐवजी वजाबाकीचाच वर्ग करतात. पहिल्या चुकीसारखीच हीही फसवी, कारण तिचेही उत्तर फारसे भरकटत नाही आणि संशय येत नाही. सर्वांत वाईट चूक ती, जिचे उत्तर शहाण्यासारखे दिसते.

एवढा खटाटोप न करता काम भागेल का? हवेपुरते भागते. दोन तापमानांचा मध्य काढावा, ८३८ केल्विन. त्या तापमानाची धारकता सूत्रातून काढावी आणि तिने १०७० ला गुणावे. उत्तर येते किलोमागे ११८१. समाकलनाने ११८०, मध्याच्या दराने ११८१. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना! हवेची रेषा या टापूत जवळजवळ सरळ चढते, म्हणून मधला दर सरासरी दराच्या जागी चालून जातो. वृत्तपत्राच्या चौकटीला एवढे पुरे होते. माझी चूक समाकलन न येण्याची नव्हती. पहिल्या अंशाचा दर अखेरपर्यंत लावण्याची होती.

पण हीच युक्ती कर्बवायूला लावून पाहा. कार्बन डाय-ऑक्साइडच्या रेणूत तीन अणू एका ओळीत असतात आणि ती ओळ मधोमध वाकू शकते. या वाकण्याला लागणारे ऊर्जेचे माप लहान असल्यामुळे खोलीच्या तापमानालाही ते खाते काही प्रमाणात उघडलेले असते आणि तापमान वाढताच झपाट्याने भरते. (पृथ्वीवरून निघणारी अवरक्त किरणे कर्बवायू शोषतो ती मुख्यतः याच वाकण्याच्या जोरावर, तापमानवाढीच्या बातम्यांत हा रेणू वारंवार येतो तो यामुळेच.) एक मोल कर्बवायू त्याच ३० ते ११०० अंशांत तापवायचा, तर खोलीच्या तापमानाचा दर धरून ३९.७ किलोज्यूल येतात. समाकलन सांगते ५४.२. येथे साधा गुणाकार एक चतुर्थांशाहून अधिक उष्णता गिळून टाकतो. मध्याच्या तापमानाचा दर लावला तर ५५.८, म्हणजे तीन टक्के जास्त. दोन टोकांच्या दरांची सरासरी घेतली तर ५०.९, म्हणजे सहा टक्के कमी. रेषा आरंभी उभी चढून नंतर आडवी होत जाते; तेथे मधला बिंदूही फसवतो आणि टोकेही फसवतात. काउपरच्या मनोऱ्यात विटा तापवणाऱ्या ज्वालेत हाच वायू मोठ्या प्रमाणात असतो, म्हणून मनोऱ्याचा आराखडा काढणाऱ्याला समाकलन टाळता येत नाही.

दहा टक्क्यांच्या चुकीने प्रत्यक्षात काय बिघडते, हे मी अभियंत्यांना विचारले. त्यांनी एक काल्पनिक भट्टी घ्यायला सांगितली : रोज हजार टन कच्चे लोखंड आणि टनामागे दीड टन तप्त हवा. किलोमागे १०५ किलोज्यूल कमी धरले, तर दिवसाला १ लाख ५७ हजार मेगाज्यूल उष्णता हिशेबाबाहेर राहते. घरगुती स्वयंपाकाच्या गॅसच्या भाषेत बोलायचे तर रोज सुमारे २४० भरलेले सिलिंडर. भट्टीचा स्वतःचा वायू फार कमी कसाचा असतो, घनमीटरला साडेतीन मेगाज्यूलच्या आसपास. तो जाळायचा म्हटले तर रोज ४५ हजार घनमीटर, आणि वाटेत वाया जाणारी उष्णता निराळी. "तुमच्या आकड्यावर मनोरा बांधला असता, तर हवा ११०० अंशांना कधी पोचलीच नसती," ते म्हणाले. "हजाराच्या आत-बाहेर अडकली असती. मग कमी पडलेली उष्णता कोक जाळून भरून काढा. आणि कोक बाहेरून विकत आणावा लागतो."

मी ते उलट दिशेनेही करून पाहिले. १०७५ किलोज्यूलच दिले तर एक किलो हवा कुठवर तापेल? शेवटच्या टप्प्यातला दर १.१९ च्या आसपास, कमी पडलेले १०५ किलोज्यूल. म्हणजे ८८ अंश. हवा १०१२ अंशांवर थांबते. गृहस्थांनी हा आकडा तोंडी सांगितला होता.

दुरुस्ती आम्ही त्याच पानावर प्रसिद्ध केली. १०७५ ऐवजी ११८० असे वाचावे, अशी दोन ओळींची. त्या संध्याकाळी त्यांचा पुन्हा दूरध्वनी आला. दुरुस्ती ठीक आहे, पण हा हिशेब कोरड्या हवेचा झाला, असे ते म्हणाले. बाहेर पाऊस कोसळत होता. पावसाळ्यात आपल्याकडच्या हवेत किलोमागे वीस ग्रॅमच्या आसपास बाष्प असते आणि बाष्पाचा रेणू उष्णतेच्या बाबतीत हवेहून कितीतरी खादाड. एक किलो बाष्प ३० वरून ११०० अंशांवर न्यायला सुमारे २३४० किलोज्यूल लागतात, म्हणजे वीस ग्रॅमचे झाले ४७. तेव्हा जुलैतल्या एक किलो कोरड्या हवेला तिच्यासोबतच्या बाष्पासह १२२७ किलोज्यूल द्यावे लागतील. आणि भट्टीच्या पोटात शिरल्यावर त्या बाष्पाचे कोकशी होणारे विघटन आणखी उष्णता मागेल, ती वेगळीच. नीलसनच्या आधीच्या लोहारांना हिवाळा का आवडत असे, ते आता पुरते ध्यानात आले. दुसरी दुरुस्ती मात्र आम्ही छापली नाही.